लेकराला न्यूमोनियाची लस मोफत, पण घरातल्या म्हाताऱ्यांना विचारतंय कोण?

विशेष विश्लेषण | सोलापूर जिल्हा

अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असला की आदल्या दिवशीच आशाताईंचा निरोप घरोघर जातो. कुणाचं बाळ दीड महिन्याचं झालं, कुणाचं साडेतीन महिन्यांचं, कुणाचा नऊ महिन्यांचा डोस राहिला, सगळं त्यांच्या वहीत असतं. या डोसांमध्ये न्यूमोनियापासून वाचवणारी ‘पीसीव्ही’ ही लसही असते. बाजारात ती हजारो रुपयांना मिळते. २०२१ पासून देशभरातल्या बालकांना ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते.

हे झालं लेकरांचं. त्याच घरात सत्तरीचे आजोबा असतात, दम्यानं बेजार आजी असते, शुगरची गोळी खाणारा पन्नाशीतला बाप असतो. न्यूमोनिया आणि फ्लूचा धोका यांनाही आहे. काही बाबतीत तो जास्तच आहे. पण यांच्यासाठी ना वही, ना निरोप, ना ठरलेला दिवस. मोठ्या माणसांसाठी या दोन आजारांच्या लसी असतात, हेच बहुतेक घरांत कुणी सांगितलेलं नाही.

हजारात पंधरा आणि हजारात सहा

देशातल्या वयस्कर माणसांच्या तब्येतीचा सर्वांत मोठा सर्व्हे २०१७-१८ मध्ये झाला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी तो केला. ४५ वर्षांवरची ७२ हजारांच्या आसपास माणसं त्यात होती. ‘आयुष्यात कधी फ्लूची लस घेतली का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे निघाले १.५ टक्के. न्यूमोनियाच्या लसीला ‘हो’ म्हणणारे फक्त ०.६ टक्के.

म्हणजे हजारात पंधरा आणि हजारात सहा. दोन हजार वस्तीच्या गावात ४५ च्या पुढची पाचशे माणसं धरली, तर या सरासरीनं फ्लूची लस घेतलेले सात-आठ जण आणि न्यूमोनियाची घेतलेले तीन जण निघतील. ही सरासरी शहरं धरून आहे. शिवाय प्रश्न ‘कधी तरी घेतली का’ असा होता आणि फ्लूची लस तर दरवर्षी घ्यावी लागते. तेव्हा वेळेवर, नियमित घेणारे त्याहून कमीच.

इतर देशांत काय आहे? अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या दर दहा माणसांपैकी साधारण सात जण दरवर्षी फ्लूची लस घेतात. इंग्लंडमध्ये चारातले तीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २००३ मध्येच ठरवलं होतं की २०१० पर्यंत वयस्करांमध्ये हे प्रमाण ७५ टक्क्यांवर न्यायचं. पुण्या-मुंबईहून लंडन-अमेरिकेला गेलेली पोरं तिथं दरवर्षी ही लस घेतात. गावाकडं राहिलेल्या त्यांच्या आई-बापाला मात्र तिचं नावही माहीत नसतं.

न्यूमोनिया हा लेकरांचाच आजार, हा समज

गावाकडं न्यूमोनिया म्हटलं की ‘बाळाची छाती भरली’ एवढंच डोळ्यासमोर येतं. लहान मुलांना तो घातक आहेच. पण २०१९ साली जगभरात न्यूमोनिया आणि फुप्फुसाच्या तशा संसर्गानं सुमारे २५ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची मुलं पावणेसात लाखांच्या आसपास होती. बाकीचे सगळे पाच वर्षांच्या पुढचे होते आणि त्यात मोठा वाटा म्हाताऱ्या माणसांचा होता.

म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया ओळखायलाही अवघड. ताप नसतो किंवा थोडाच असतो. माणूस नुसता मलूल पडतो, जेवत नाही, कधी असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात, ‘वयच झालंय आता.’ दोन दिवस असे गेले की धाप लागते आणि मग रात्री-अपरात्री गाडी करून सोलापूरला सिव्हिलला किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात पळापळ. मृत्यूच्या दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो, गावात ‘म्हातारपणानं गेले’ असंच म्हटलं जातं. त्यामुळं न्यूमोनियानं नेमके किती गेले याचा हिशेब गावाच्या मनात राहतच नाही.

न्यूमोनिया अनेक जंतूंमुळं होतो. त्यातला एक महत्त्वाचा जंतू म्हणजे न्यूमोकोकस. त्याच्या शंभरावर उपजाती आहेत. न्यूमोनियाची म्हणून जी लस मिळते ती याच जंतूवर आहे आणि त्याच्या काही ठरावीक, जास्त त्रास देणाऱ्या उपजातींवर आहे. त्यामुळं ती घेतली की कसलाच न्यूमोनिया होणार नाही, असं नाही. पण त्यातला एक मोठा धोका कमी होतो.

यात आपल्याकडची एक चांगली गोष्टही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बालकांसाठी स्वस्त न्यूमोकोकल लस तयार केली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती देशात आली. त्यामुळं ही लस महागडी असल्याची अडचण बरीच कमी झाली. हा जंतू लहान मुलांच्या नाकात राहतो आणि तिथून घरातल्या मोठ्यांकडं जातो. अमेरिकेत २००० साली मुलांना ही लस सुरू झाल्यावर, लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांमध्येही त्या उपजातींचे गंभीर आजार घटलेले दिसले. म्हणजे नातवाचा डोस आजोबांच्याही कामी येतो. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण उरलेल्या उपजाती राहतातच.

फ्लू म्हणजे नुसती सर्दी नव्हे

महाराष्ट्राला फ्लू काय असतो हे २००९ मध्ये कळलं. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. त्यानंतर तो गेला असं लोकांना वाटलं, पण तो गेला नाही. २०१५ मध्ये देशात सुमारे ४२ हजार रुग्ण आणि जवळपास ३ हजार मृत्यू नोंदले गेले. २०१७ मध्ये ३८ हजारांवर रुग्ण आणि सव्वादोन हजारांवर मृत्यू. त्यातले सातशेहून जास्त मृत्यू एकट्या महाराष्ट्रातले होते. हे फक्त तपासणी झालेले. तालुक्याच्या गावात तापाच्या किती रुग्णांच्या घशातला नमुना तपासायला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता तो जुना स्वाइन फ्लू दरवर्षीच्या साध्या फ्लूमध्येच मिसळला आहे. तरण्याताठ्या माणसाला तो चार दिवस झोपवतो आणि सोडून देतो. पण शुगर, बीपी, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्याला तो आत खेचतो. फ्लूनं फुप्फुस कमजोर झालं की मागोमाग न्यूमोकोकससारखे जंतू घुसतात. म्हणून डॉक्टर या दोन लसींचं नाव जोडीनं घेतात.

हृदयाशीही त्याचा संबंध आहे. कॅनडात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट होतो. ‘साधा ताप होता, अचानक अटॅक आला,’ असं जे गावात ऐकू येतं, त्यातल्या काही प्रकरणांमागं हेच असू शकतं.

धोक्यातली माणसं थोडीथोडकी नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. त्यात चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायका, विडी-तंबाखूची सवय असलेले पुरुष, धुळीत काम करणारे मजूर धरा. फुप्फुस आधीच अर्धं झालेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत.

लस किती काम करते?

इथं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण कोविडनंतर लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो.

फ्लूची लस शंभर टक्के नाही. त्या वर्षीचा विषाणू आणि लसीतला विषाणू नीट जुळला तर ती आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. जुळला नाही तर कमी. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी नव्यानं बनते आणि दरवर्षी घ्यावी लागते.

हृदय कमजोर असलेल्या रुग्णांवर भारतासह दहा देशांत एक मोठा अभ्यास झाला. पाच हजारांवर रुग्ण होते. २०२२ मध्ये त्याचे निकाल आले. मृत्यू, अटॅक वगैरे एकत्र मोजले तर लसीनं ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. पण लस घेतलेल्यांमध्ये न्यूमोनिया ४० टक्क्यांहून अधिक कमी झाला आणि दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाणही घटलं.

न्यूमोनियाच्या लसीचा सर्वांत मोठा अभ्यास हॉलंडमध्ये झाला. ६५ वर्षांवरची सुमारे ८५ हजार माणसं त्यात होती. २०१५ मध्ये निकाल आला. लसीत असलेल्या उपजातींमुळं होणारा न्यूमोनिया ४५ टक्क्यांनी कमी झाला आणि जंतू रक्तात वगैरे पसरण्याचा गंभीर प्रकार ७५ टक्क्यांनी.

थोडक्यात, ही कवचकुंडलं नाहीत. पण दहातल्या चार-पाच जणांचा आजार टळत असेल, तर म्हाताऱ्या माणसाच्या घरासाठी ती लहान गोष्ट नाही.

‘फ्लूची लस घेतली की फ्लू होतो’ हा समज मात्र चुकीचा आहे. टोचली जाणारी लस मेलेल्या विषाणूपासून बनते, तिच्यातून फ्लू होत नाही. हात दुखणं, एखाद दिवस कणकण येणं, एवढं होतं आणि जातं.

सुईला कोण घाबरतंय?

मग घोडं पेंड कुठं खातंय? लोक लसीला घाबरतात, असं सोपं उत्तर दिलं जातं. ते अर्धवट आहे. गावात साधा ताप आला तरी ‘डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, सलाईन लावा’ म्हणणारे कमी नाहीत. सुईची भीती असती तर असं झालं नसतं.

कोविडचं उदाहरण तर ताजं आहे. देशात २२० कोटींवर डोस दिले गेले. सुरुवातीला अफवा होत्या, लोक शेतात पळून जात होते, हेही खरं. पण आशाताई, सिस्टर, शिक्षक, ग्रामसेवक घरोघर फिरले. लस शाळेत, चावडीवर, वस्तीवर आली आणि पैसे लागले नाहीत. मग ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांनीही दंड पुढं केला. २०२४ मध्ये टीबीविरुद्ध मोठ्या माणसांना बीसीजीची लस देण्याची मोहीम निघाली, तेव्हाही लोकांनी ती घेतली. (बीसीजी ही टीबीची लस आहे. ती घेतली म्हणजे न्यूमोनियाची झाली, असं नाही.)

हज यात्रेला जाणाऱ्यांचं बघा. मेंदूज्वराच्या लसीबरोबर त्यांच्यातल्या वयस्कर आणि आजारी यात्रेकरूंना फ्लूची लसही सरकारी यंत्रणेमार्फत मिळते. कुणी कुरकुर करत नाही. यादी असते, तारीख असते, जागा ठरलेली असते, माणसं येतात.

यावरून एकच गोष्ट दिसते. मोठ्या माणसांनी या लसी नाकारलेल्या नाहीत. त्यांना त्या कुणी देऊच केलेल्या नाहीत. बाळाच्या बाबतीत यंत्रणा घरी येते. म्हाताऱ्याच्या बाबतीत म्हाताऱ्यानं स्वतः माहिती काढायची, डॉक्टरला विचारायचं, तालुक्याला किंवा सोलापूरला जायचं आणि पैसे मोजायचे. डॉक्टरही ओपीडीच्या गर्दीत शुगर-बीपीची गोळी लिहून देतात, लसीचं बोलत नाहीत. आणि डॉक्टर बोलले नाहीत तर पेशंट कशाला विचारतोय?

खाटेला पैसा आहे, सुईला नाही

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. चांगली गोष्ट आहे. पण या योजना चालतात रुग्ण दवाखान्यात भरती झाल्यावर. न्यूमोनिया होऊन आजोबा आयसीयूत गेले तर सरकार काही लाखांपर्यंत पैसे भरायला तयार आहे. तोच न्यूमोनिया टाळायला जी लस लागते, तिला या योजनेतून पैसा नाही.

बाजारात फ्लूची लस ब्रँडनुसार साधारण दीड-दोन हजारांच्या घरात जाते. न्यूमोनियाची लस तीन-चार हजार आणि नव्या प्रकारची त्याहून महाग. ऊसतोड करणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या घरानं दोन म्हाताऱ्यांसाठी एवढे पैसे आणायचे कुठून? खासगी आयसीयूचा एका दिवसाचा खर्चही यापेक्षा जास्त होतो, हे खरं. पण आजार अजून झालेला नसताना खिशात हात घालणं अवघडच जातं.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नाही. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्र सरकारनं फ्लूची लस काही गटांना मोफत देण्याचं ठरवलं. चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायका, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण, रुग्णसेवा करणारे आरोग्य कर्मचारी असे हे गट. असा निर्णय घेण्यात महाराष्ट्र पुढं होता. पण लस ऐच्छिक आहे, साठा मर्यादित असतो आणि प्रचार जवळपास नाही. विचारणारा नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून साठा नाही, असं हे चक्र फिरत राहतं. मोठ्यांसाठी न्यूमोनियाची लस तर अशा मोफत यादीतही नाही.

सरकारची बाजूही आहे

सगळं खापर सरकारवर फोडून चालणार नाही. फ्लूची लस दरवर्षी द्यायची म्हटली की दरवर्षी पैसा लागतो. देशातल्या वयस्करांमध्ये नेमका कोणत्या उपजातीचा न्यूमोनिया किती, याची माहिती बालकांइतकी भक्कम नाही. त्याच पैशात बीपी-शुगरची औषधं, टीबीचा शोध, डायलिसिस अशी कामं होऊ शकतात. बालकांचंच लसीकरण अजून पूर्ण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यात एक ते दोन वर्षांच्या मुलांचं पूर्ण लसीकरण ७३.५ टक्के होतं. आधी ते भरा, असं म्हणणारे अधिकारी चुकीचे नाहीत.

पण सगळ्यांना सगळं द्या, असं कुणी म्हणत नाही. मुद्दा जास्त धोक्यातल्यांचा आहे आणि त्यांच्यासाठी लागणारी निम्मी तयारी आधीच झालेली आहे. बालकांच्या लसी ठेवायला प्राथमिक आरोग्य केंद्रात आयएलआर फ्रीज आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० वर्षांवरच्या माणसांची बीपी-शुगर तपासणी होते आणि आशाताई त्याचा फॉर्म भरतात. म्हणजे कोणत्या गावात किती मधुमेही, किती बीपीवाले, याची यादी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडं आहे. यादी आहे, फ्रीज आहे, सिस्टर आहे. या तिघांना जोडणारा आदेश आणि लसीचा पुरवठा एवढंच राहतंय.

पावसाळा, वारी आणि वेळेचं गणित

फ्लूची लस कधी घ्यायची, यातही गोंधळ आहे. युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत येतो म्हणून तिकडं ती सप्टेंबर-ऑक्टोबरला घेतात. महाराष्ट्रात फ्लूचा जोर मुख्यतः पावसाळ्यात असतो. काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्येही लाट येते. लस टोचल्यावर शरीर तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळं आपल्याकडं चांगली वेळ म्हणजे एप्रिल-मे, पाऊस सुरू व्हायच्या आधी. राहून गेली तर पावसाळ्यातही घेता येते, उशीर झाला म्हणून सोडून द्यायची नाही.

सोलापूर जिल्ह्याला हे गणित जास्तच लागू पडतं. जून-जुलैमध्ये आळंदी-देहूच्या पालख्या माळशिरस तालुक्यातून जिल्ह्यात येतात आणि पंढरपुरात लाखोंची गर्दी होते. पावसात भिजत चालणारे, मठात-तंबूत दाटीवाटीनं झोपणारे यात साठी-सत्तरीचे वारकरी मोठ्या संख्येनं असतात. नेमका तोच फ्लूचा हंगाम. वारीत पाणी, शौचालयं, रुग्णवाहिका यांची तयारी दरवर्षी होते. दिंडीतल्या शुगर-बीपीच्या वारकऱ्यांना निघायच्या दोन-तीन आठवडे आधी आपापल्या गावात फ्लूची लस मिळाली, तर तीही तयारीच ठरेल. वारकऱ्यांना जागा देणाऱ्या पंढरपूर, माळशिरसमधल्या घरांतल्या म्हाताऱ्यांनाही ते लागू आहे.

कोणी, कोणती, कधी?

- फ्लूची लस : साठीच्या पुढचे सगळे, कोणत्याही वयाचे मधुमेह, दमा, हृदय, किडनी, लिव्हरचे रुग्ण, गरोदर महिला, दवाखान्यात काम करणारे. दरवर्षी एक डोस.
- न्यूमोनियाची लस : साठी-पासष्टीच्या पुढचे आणि वर सांगितलेल्या जुन्या आजारांचे रुग्ण, प्लीहा काढलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले. ही दरवर्षी घ्यायची नसते. काही प्रकारांत एकच डोस पुरतो, काहींत दुसऱ्या प्रकारचा डोस नंतर द्यावा लागतो. कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतील.
- दोन्ही एकाच दिवशी : दोन वेगळ्या दंडांवर घेता येतात.
- डॉक्टरला आधी सांगा : पूर्वी एखाद्या लसीनं जोराची अ‍ॅलर्जी आली असेल, हातपाय लुळे पडण्याचा आजार होऊन गेला असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा आज जोराचा ताप असेल तर.
- फ्लूच्या लसीचं खोकं बघा : त्यावर वर्ष लिहिलेलं असतं. मागच्या हंगामाची उरलेली लस घेऊ नका.
- लस घरी आणून ठेवू नका : ती २ ते ८ अंशांत राहावी लागते. सोलापूरहून पिशवीत आणलेली किंवा लाईट गेलेल्या फ्रीजमधली लस म्हणजे पैसे पाण्यात. जिथं नीट फ्रीज आहे तिथंच टोचून घ्या आणि कागदावर तारीख, नाव लिहून घ्या.

लस घेतली तरी लक्षणांकडं दुर्लक्ष नको. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, म्हातारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं वागणं, कोविडमध्ये घेतलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. फ्लूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोग होतो.

गावाला करता येण्यासारखं

केंद्राचं धोरण बदलायला वेळ लागेल. पण काही गोष्टी गावातून, तालुक्यातून होऊ शकतात आणि त्याला मोठा खर्च नाही.

पहिली गोष्ट विचारण्याची. शुगर-बीपीच्या रुग्णानं किंवा गरोदर बाईच्या घरच्यांनी आरोग्य केंद्रात, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सरळ विचारावं, ‘फ्लूची मोफत लस आली आहे का? नसेल तर माझं नाव लिहून घ्या.’ आरोग्याचा सल्ला देणारा १०४ हा नंबरही आहे. मागणी कागदावर आली तरच ती वर जाते.

दुसरी, यादीची. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. ती कागदावरच राहिली असेल तर हे तिला जागं करायचं निमित्त. ६० वर्षांवरचे आणि जुने आजार असलेले किती, एवढी संख्या काढून ग्रामसभेत ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायची. अकरा तालुक्यांतून अशा याद्या जानेवारी-फेब्रुवारीत पोचल्या, तर एप्रिलच्या साठ्याची मागणी करायला जिल्ह्याच्या हातात काही तरी असेल.

तिसरी, पैशांची. सत्कार, फ्लेक्स, वाढदिवस यांवर गावात खर्च होतोच. साखर कारखाने, पतसंस्था, गणेश मंडळं आरोग्य शिबिरं घेतात, तिथं बीपी मोजून चष्मे वाटले जातात. त्याच शिबिरात गावातल्या सर्वांत जास्त धोक्यातल्या वीस-पंचवीस जणांना लस देता येते. मात्र हे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बरोबर घेऊनच करायचं, म्हणजे थंडावा आणि नोंद दोन्ही नीट राहतं. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात कमावणाऱ्या पोरांनी दिवाळीला आई-बापाला साडी-धोतर पाठवताना यंदा या दोन लसींचंही बघावं.

चौथी, नोंदीची. आज कोणत्या गावात किती मोठ्या माणसांनी या लसी घेतल्या, हे सांगणारी वही गावपातळीवर नाही. जे मोजलं जात नाही त्याची आढावा बैठकीत कुणी चौकशी करत नाही. बालकांचं लसीकरण वाढलं, कारण दर महिन्याला आकडा द्यावा लागतो. आरोग्य मंदिरातल्या शुगर-बीपीच्या नोंदीत ‘फ्लूची लस घेतली : हो/नाही’ एवढा एक रकाना वाढवला, तरी वर्षभरात चित्र स्पष्ट होईल.

पुढच्या वेळी आशाताई बाळाच्या डोसाची आठवण द्यायला दारात येतील, तेव्हा त्यांना एवढंच विचारायचं: ‘आमच्या म्हाताऱ्यांचं नाव कुठल्या यादीत आहे?’ उत्तर त्यांच्याकडं कदाचित नसेल. पण हाच प्रश्न शंभर घरांतून गेला, तर तो तालुक्यात आणि तिथून जिल्ह्यात पोचायला वेळ लागत नाही.